उजव्या पायाची परीक्षा

"आम्ही जिवंत आहोत, पण तुझ्या बाबांचं काही खरं नाही."

आईने फोनवर पहिलंच वाक्य हे टाकलं. मी तेव्हा एका शिकाऊ बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे, म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि मी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो मी इतक्या जोरात दाबला की बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून त्या माफी मागत सुटल्या आणि मी फोनवर ओरडत सुटले, "म्हणजे काय? नीट सांग ना, झालं काय?"

झालं होतं ते असं. आई-बाबा दर आठवड्याला मावशीकडे जातात. मावशी अंथरुणाला खिळलेली आहे आणि आईशिवाय तिचं पान हलत नाही. घराच्या गल्लीतून चढ चढून मोठ्या रस्त्याला लागताना पेट्रोल पंपापाशी एक अवघड वळण आहे. बाबांनी दोन्हीकडे बघितलं, जागा मिळाली, गाडी वळवली. आणि गाडी भर रस्त्यात, वळता वळता, अंगातली हवा गेल्यासारखी मलूल झाली. बंद पडली नाही, नुसती सरपटत राहिली. डावीकडून खडीचा डंपर येत होता. त्याने ब्रेक मारले ते आईच्या दारापासून हातभर अंतरावर.

"मला खिडकीतून आभाळ दिसत नव्हतं, रस्ता दिसत नव्हता," आई सांगत होती. "नुसता बंपर. त्याच्यावरचा वाळलेला चिखलसुद्धा दिसत होता गं!" तिचा आवाज फुटला. मी त्या शिकाऊ बाईंना गाडी कडेला घ्यायला खुणावलं.

बाबा मात्र त्या दिवशी अॅक्सिलरेटरबद्दल एकच वाक्य बोलले. पोचल्यावर, चहा घेताना, रात्री झोपताना, तेच. "मी दाबला होता. गाडीने ऐकलं नाही."

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे आणि बाबांनाही ते मनापासून पटलेलं होतं. निवृत्त झाले तरी उस्तादगिरी सुटली नाही. आमच्या घरच्या गाडीने आजवर गॅरेजचं तोंड बघितलेलं नाही. गाडी अनोळखी माणसाच्या हातात देणं बाबांना दाढी अनोळखी माणसाकडून करून घेण्यासारखं वाटतं. अलीकडेच गाडी एका खड्ड्यात आपटली आणि पुढच्या चाकाचा टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाक वळवणारा दांडा, वाकला. बाबांनी तो अंगणातच बदलला. मग चारही चाकांना समांतर सुतळी ताणली, पट्टीने मापं घेतली आणि चाकं अशी काही सरळ केली की मी तोंडात बोट घातलं. स्टीअरिंग तेवढं जरा तिरकं बसलं होतं. तेही त्यांनी जागच्या जागी सरळ करून टाकलं. त्या दिवशी मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले होते आणि मला फार अभिमान वाटला होता.

तर अशा माणसाच्या हातून भर रस्त्यात गाडी अडकली, ही गोष्ट घरात कुणाला गिळवेना. आणि गिळवेना म्हणून सगळ्यांनी ती चघळायला घेतली.

दादा विमा कंपनीत आहे, अपघातांचे दावे तपासतो. त्याने बाबांच्या समोरच सुरुवात केली. "आमच्याकडे अशी प्रकरणं ढिगाने येतात. वय झालेला माणूस असतो, पाय पुरेसा दाबला जात नाही किंवा भलतीकडेच पडतो. आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी दाबला होता."

"मी दाबला होता," बाबा म्हणाले.

"बघा!" दादा म्हणाला. मला त्याच्या तोंडावर पाण्याचा पेला रिकामा करावासा वाटला.

त्याने गाडी स्वतः कॉलनीभर फिरवून आणली. लोण्यासारखी चालते म्हणाला. मग आठवडा गेला, आणि बाबा एकटेच काही सामान आणायला गेले, तर त्याच वळणावर तेच झालं. या वेळी मागच्या स्कूटरवाल्याने शिव्या घातल्या एवढ्यावर निभावलं. हे बाबांनी स्वतः येऊन सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण उस्तादांना बिघाड लपवता येत नाही, स्वतःचासुद्धा.

त्यानंतर आईने जे केलं त्याने मी दादाच्या बोलण्यापेक्षाही जास्त हादरले. ती शांतपणे म्हणाली, "यांनी दाबलाच नव्हता. याच्यापुढे मी यांच्या शेजारी बसणार नाही. मी बसने जाईन." लग्न झाल्यापासून आई बाबांच्या शेजारी बसत आली आहे. डेपोची बिघडलेल्या बस ओढून आणणारी गाडी बाबा चालवायचे, तेव्हा नवी नवरी त्या गाडीतसुद्धा पुढे बसून गेली होती म्हणे. तिला गाडी चालवता येत नाही, पण बाबांच्या शेजारी बसून ती सतत सूचना देते, वेग कमी करा, तो बघा सायकलवाला, पिवळा दिवा लुकलुकतोय बघा समोर. बाबा वैतागायचे. आता सूचना देणारं कुणी नव्हतं आणि बाबांनी गाडीवर कापड घालून ठेवलं.

एका दुपारी मी सहज घरी गेले, तर मागच्या खोलीतून विचित्र आवाज येत होता. कट्ट, कट्ट. डोकावले आणि जागीच थिजले. बाबा खुर्चीवर बसले होते. वजन करायचा काटा त्यांनी भिंतीला टेकवून उभा ठेवला होता आणि त्याच्यावर बूट घालून एकदा उजवा पाय दाबत होते, एकदा डावा. वाकून आकडा बघायचे, पुन्हा दाबायचे. कपाळावर घाम होता.

"उजवा जास्त दाबतोय," मला बघून ते म्हणाले. "दर वेळी उजवाच जास्त दाबतोय. पण काट्यावर दाबतो आणि गाडीत दाबत नाही, असं होत असेल का गं? आपल्याला वाटतं दाबला, आणि पाय नुसताच ठेवलेला असतो, असं?"

दादाने म्हटलेलं मी सहन केलं होतं, आईने म्हटलेलंही. पण बाबांनी स्वतःच्या पायावर संशय घ्यावा? मी रागाने काटा उचलला आणि न्हाणीघरात नेऊन आपटला. काच फुटली नाही हे नशीब.

शेवटी दादानेच तोडगा काढला. "तू रोज लोकांना शिकवतेस. बाबांची परीक्षा तू घे. पास म्हणालीस तर मी गप्प बसेन. नापास म्हणालीस तर चावी काढून घ्यायची, विषय संपला." बाबा माझ्या आधी हो म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती.

परीक्षेच्या सकाळी रस्ता कोरडा होता, ऊन लख्ख होतं. बाबांनी नेहमीचा शर्ट न घालता इस्त्रीचा घातला होता, ते बघून मला गलबलून आलं. मी शेजारी बसले. ही बाबांची गाडी, तिच्यात माझ्या बाजूला ब्रेक नाही, हे मला बसल्यावर आठवलं. तरी बाबांनी गाडी गल्लीतून अशी नेली की माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने बघून शिकावं. आरसे, इशारा, वेग, सगळं चोख. मी मनातल्या मनात पास करूनही टाकलं.

पंपापाशी आलो. बाबांनी दोन्हीकडे बघितलं, मीही बघितलं. दूर पाण्याचा टँकर होता, भरपूर जागा होती. "चला," मी म्हणाले.

गाडी निघाली, वळायला लागली आणि मधोमध तिचा जीवच गेला. इंजिन नुसतं घुम्म करत बसलं. टँकरचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. मी ओरडले, "दाबा! बाबा, दाबा!" आणि ओरडता ओरडता खाली बघितलं.

बाबांचा बूट खाली टेकलेला होता. पार तळाला. अॅक्सिलरेटर आणि गाडीचा पत्रा यांच्यात कागद सरकवायला जागा नव्हती. पोटरीचा स्नायू पँटमधून दिसत होता. आणि गाडी सरपटत होती.

टँकर आमच्या मागून वळसा घालून गेला. त्याच्या चालकाने आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आम्ही पलीकडच्या कडेला कसेबसे पोचलो, बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि चावी काढून माझ्या हातात ठेवली. "नापास," ते म्हणाले. "दादाला मीच सांगतो."

मी उभ्या आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. माणूस दाबतोय आणि गाडी ऐकत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"बाबा, मी तुमचा पाय बघितला."

ते सावकाश वळले. "बघितलास? मग खरं सांग. माझी समजूत काढू नकोस. दाबला होता?"

"पार तळापर्यंत. माझ्याच्याने एवढा दाबला गेला नसता."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला स्वतःचाच इतका संताप आला की मी गाडीच्या डॅशबोर्डवर एक बुक्की मारली. तेव्हा मला आठवलं, की मघाशी वळताना तिथे काहीतरी लुकलुकलं होतं. पिवळं. गाडीचं छोटं चित्र आणि तिच्यामागे नागमोडी रेषा. आईचा पिवळा दिवा!

"हा दिवा केव्हापासून लुकलुकतो?"

"तो ना? वळणावर लागतो कधी कधी. लगेच विझतो. मला वाटलं, गाडीची खोड असेल."

मी बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात नेली. तिथे मी शिकाऊंना फिरवते. मोठं वळण घेत मी जोरात अॅक्सिलरेटर दाबला. दिवा लुकलुकला आणि गाडीने माझंही ऐकलं नाही. माझा पाय खाली, वेग जिथल्या तिथे. घाबरून ओरडावं की हसावं कळेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी गाडी थांबवून त्याच चित्राचं एक बटण शोधलं आणि दाबून धरलं. दिवा आता लुकलुकेना, लागून राहिला. पुन्हा वळण घेतलं, पुन्हा दाबला, आणि गाडी अशी उसळली की बाबांचं डोकं मागे आपटलं.

"आईशप्पथ," बाबा म्हणाले. ते असं कधी बोलत नाहीत.

हे मला माहीत असलेलं प्रकरण होतं. त्याला स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. पावसात किंवा वाळूवर गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा मध्ये पडते, एखाद्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते, मग तुम्ही पाय कितीही दाबा. बाबांच्या काळात पायाखालून थेट इंजिनापर्यंत तार जायची. ओढली की ओढली. आता पाय फक्त अर्ज करतो, मंजूर कुणी दुसरंच करतं. यंत्रणा चांगली आहे, तिने कितीतरी लोकांचे जीव वाचवले असतील. पण रस्ता कोरडा होता, मैदान कोरडं होतं, आणि गाडी कुठेही घसरत नव्हती. मग हिला कसली धाड भरली होती?

गाड्यांचे सेन्सर तपासणारी एक मुलगी मला माहीत होती. तिला गाडी चालवायला मीच शिकवलेलं. तिचं बाजारालगत लहानसं वर्कशॉप आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. तिने गाडीला वायर जोडली, लॅपटॉप बॉनेटवर ठेवला आणि बाबांना म्हणाली, "काका, स्टीअरिंग सरळ धरा."

"सरळच आहे."

"अगदी सरळ?"

"सुतात," बाबा अभिमानाने म्हणाले.

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "ही गाडी म्हणते की स्टीअरिंग बऱ्यापैकी उजवीकडे वळलेलं आहे." तिने वाकून पुढची चाकं बघितली, पुन्हा स्टीअरिंग बघितलं. मग तिचा आवाज बदलला. "स्टीअरिंग कुणी काढलं होतं का?"

माझ्या डोळ्यांसमोर अंगण उभं राहिलं. ताणलेली सुतळी. तिरकं बसलेलं स्टीअरिंग. मी बाबांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला बघवेना.

"मी," बाबा म्हणाले.

"एअरबॅगसकट? घरी?" मुलगी दचकून एक पाऊल मागे सरली.

"बॅटरीची वायर काढून ठेवली होती. मी काही वेडा नाही. टाय रॉड बदलला, चाकं सरळ केली, स्टीअरिंग तिरकं राहिलं. मग नट काढला, स्टीअरिंग उपटलं, दांड्यावर दोन दाते फिरवून सरळ बसवलं. डेपोत आम्ही असंच करायचो. शेकडो बस केल्या असतील."

तिने त्यांना समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं, कुठेही तोरा नव्हता. गाडीला दोन गोष्टी कळतात. चालकाने किती वळवलं, आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली. दोन्ही जुळेनात, की ती समजते, घसरलो. वळवलं किती हे सांगणारा सेन्सर स्टीअरिंगच्या दांड्यावर आत बसलेला असतो. वरचं स्टीअरिंग सरळ दिसू लागलं, पण आतला दांडा तिरकाच राहिला. सरळ रस्त्यावर सावकाश गेलं तर गाडी फारसं मनावर घेत नाही. दादाने तशीच तर फिरवली होती. पण वळता वळता जोर मागितला, की तिची खात्री पटते की चालक वळवतोय आणि गाडी तेवढी वळत नाही. मग ती जोर काढून घेते. म्हणजे बरोबर त्या वळणावर, जिथे जोर लागतो.

"मग तिने तसं सांगायचं ना धडपणे!" मी उखडले.

"फरक आणखी मोठा असता तर सांगितलं असतं, की मला काही समजेनासं झालंय. हा नेमका एवढाच आहे, की तिला वाटतंय आपलंच बरोबर."

बाबा तिथल्या टायरच्या चळतीवर बसले. आता बाबा कोसळणार, असं वाटून मी पुढे झाले. पण त्यांनी वर बघितलं तर डोळे लकाकत होते.

"म्हणजे चूक माझी? नक्की माझीच?"

"हो, काका."

"आणि पाय चांगला आहे?"

"पायाला काय झालंय?"

बाबा हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उजव्या मांडीवर थापा मारत ते हसत होते. पाय आपला आहे, जागेवर आहे, सांगितलेलं ऐकतो! एवढी मोठी चूक सापडल्याचा कुणाला इतका आनंद झालेला मी बघितलेला नाही. ती मुलगीही हसायला लागली. मला मात्र हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर तो बंपर होता, जो मी बघितलाही नव्हता.

"हसताय काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आई मेली असती!"

बाबांचं हसू तिथेच गोठलं. मांडीवरचा हात उचलला गेला आणि ते त्या हाताकडेच बघत राहिले. मग दुसऱ्या हाताकडे. मला वाटलं, बोलले ते शब्द परत गिळावेत. पण ते खरे होते.

घरी येताना गाडी मी चालवली, ते बटण दाबून, जीव मुठीत धरून. घरात शिरल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आईसमोर जाऊन उभे राहिले. सगळं त्यांनीच सांगितलं. सुतळी, नट, दोन दाते. काही कमी केलं नाही. "तिन्ही वेळा मीच केलं," ते म्हणाले. "गाडीने नाही. वयाने नाही. या हातांनी."

दादा आला होता. त्याच्याकडे पहिल्यांदाच सांगण्यासारखं एकही प्रकरण नव्हतं. तो तोंड उघडं टाकून बसला.

आईने निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्या पायाकडे बघितलंच नव्हतं. मी डंपरकडे बघत होते. आणि सगळ्यांना सांगत सुटले, यांनी दाबलाच नाही म्हणून." ती उठली, बाबांच्या जवळ गेली, आणि मला वाटलं आता ती रडणार. पण आईच ती. तिचा आवाज एकदम चढला. "पण तुम्ही स्टीअरिंग उपटून बसवलंत आणि मला शेजारी घेऊन निघालात? निदान सांगायचं तरी! मी त्या दिवशी तुमच्यावर विश्वास ठेवून आरामात केळं सोलत बसले होते हो!"

कुणीच हसलं नाही. बाबा मान खाली घालून उभे होते.

"मग चावीचं काय?" दादाने हळूच विचारलं. परीक्षेचा निकाल माझ्याकडे होता.

"चावी बाबांची. चालक पास."

"आणि मेकॅनिक?" बाबांनी विचारलं.

सगळं आयुष्य ज्यांना लोकांनी उस्ताद म्हटलं त्यांना मी काय सांगणार होते? मग बाबा मागच्या खोलीत गेले आणि पान्यांची पेटी घेऊन आले. लाल रंगाची, कडा पांढऱ्या पडलेली, डेपोतून निघताना सहकाऱ्यांनी दिलेली. पेटीतले पाने किणकिणत होते.

"ही तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "घरात राहिली तर मला राहवणार नाही."

मी घेतली. इतकी जड होती की दोन्ही हातांनी धरावी लागली. नको म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आई माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ती तशीच माझ्या गाडीत नेऊन ठेवली.

गाडी त्या मुलीने आणि शेजारच्या, चाकं समांतर करून देणाऱ्या माणसाने मिळून नीट केली. दांडा मधोमध आणला, स्टीअरिंग बसवलं, सेन्सरला पुन्हा सरळ म्हणजे काय ते शिकवलं. पुढच्या आठवड्यात मावशीकडे जायचं होतं. मी मुद्दाम आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबा इंजिन चालू करून वाट बघत होते, आरशात, समोर, आणि पुन्हा आरशात. आई पिशवी घेऊन बाहेर आली. मागच्या दारापाशी घुटमळली. मग पुढचं दार उघडून बसली आणि पट्टा लावला. बाबांनी घसा खाकरला, बाकी काही नाही.

पंपापाशी बाबा थांबले. आईने या वेळी रस्त्याकडे बघितलंच नाही. ती वाकून बाबांच्या उजव्या पायाकडे बघत होती. पाय खाली गेला आणि गाडी त्याच क्षणी मुकाट्याने निघाली, वळली, रस्त्याला लागली. पिवळा दिवा लागला नाही.

"दाबलात," आई म्हणाली.

पुढे सरळ रस्ता होता. बाबांची बोटं स्टीअरिंगवर चुळबुळायला लागली. मी मागून बघितलं, तर ते नखभर डावीकडे झुकलेलं होतं. इतकं थोडं, की दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. बाबांना तर दुरूनही दिसलं असतं. त्यांनी डोकं जरा तिरकं करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने बघितलं. त्यांचा अंगठा स्टीअरिंगच्या मधल्या, नट दडलेल्या झाकणावर गेला आणि तिथेच फिरत राहिला.

आईने त्यांचा अंगठा धरून बाजूला केला.

"तिरकं आहे गं," बाबा कळवळून म्हणाले.

"असू दे. गाडी सरळ चाललीय ना?"

"चाललीय."

"मग समोर बघा," आई म्हणाली, आणि तिने पिशवीतून केळं काढलं.